बुढ्या माणसांना घेऊन मुंबई पाहायला जाताय? एकच वॉर्ड पकडा अन् पायी फिरा

आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. गावात "मुंबई पाहून आलो" म्हणणारे दोनच प्रकारचे लोक आहेत, एक मंत्रालयात काम घेऊन गेलेले अन् दुसरे कल्याण-डोंबिवलीला लग्नाला गेलेले. दोघांनीही मुंबई पाहिलेली नसते. मीही पाच-सहा वर्षांआधी आईबाबांना घेऊन गेलो होतो, कापसाचे पैसे हातात होते, अन् स्टेशनबाहेरच एकानं पकडलं, एका दिवसात चौदा ठिकाणं, एसी गाडी, गाईड सोबत. हाओ म्हणलं. दिवसभर बसमध्ये बसून राहिलो. म्युझियम बाहेरून, राजाबाई टॉवर काचेतून, गेटवेवर वीस मिनिटं त्यातली दहा बाथरूम शोधण्यात. संध्याकाळी आई म्हणते, "काहून रे, समुद्र कोठी होता?" समुद्र तिच्या बाजूच्या खिडकीतून गेला होता, तेव्हा तिला डुलकी लागली होती.

मंग यंदा तूर निघाल्यावर परत गेलो. आईबाबा, काकू अन् माझे दोन पोट्टे. या वेळी ठरवलं की अख्खी मुंबई नाही, फक्त ए वॉर्ड पाहायचा. महापालिकेनं शहराचे वॉर्ड पाडलेत त्यातला हा पहिला: कुलाबा, फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंट हा सगळा दक्षिणेकडचा टोकाचा भाग. आपली गाडी जिथे थांबते तिथूनच तो सुरू होतो. दोन दिवस लागले, बाबांचे गुडघे शाबूत राहिले, खर्चही निम्म्यात भागला. तेव्हापासून गावातले तीन-चार घरचे लोक विचारून गेले, दरवेळी तेच सांगतो म्हणून लिहूनच टाकतोय.

१. दिवस ठरवा, मग तिकीट काढा

सोमवार टाळा. घारापुरीच्या म्हणजे एलिफंटाच्या लेण्या सोमवारी बंद. राणीच्या बागेत जायचं असेल (ती या वॉर्डात नाही, भायखळ्याला आहे) तर ती बुधवारी बंद असते. रविवारी गेटवेवर जत्रा असते पण फोर्टातले रस्ते रिकामे असतात, ऑफिसं बंद ना, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांना चालायला तोच दिवस चांगला. आम्ही शनिवारी रात्री निघालो, रविवारी चाललो, सोमवारी आराम अन् खरेदी, मंगळवारी घारापुरी. म्हणजे दोन दिवस फिरणं अन् मधे एक दिवस पाय सोडून बसणं. पोट्टे कुरकुरतात, पण म्हातारे खूश राहतात.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या पंचेचाळीसपुढे मुंबईचे चौतीस-पस्तीस काय वाटणार असं समजू नका. आपलं ऊन कोरडं, तिथलं ओलं. सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटतो अन् बीपीवाल्यांना गरगरतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद.

६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला जाणाऱ्यांची गर्दी असते, आपल्या विदर्भातून तर गाड्या भरभरून जातात. दर्शनालाच जात असाल तर एक दिवस जास्त धरा अन् हा भाग पाहूनच या. फक्त फिरायला जाणाऱ्यांनी मात्र तो आठवडा दर्शनाला येणाऱ्यांसाठी सोडा.

२. गाडी कोणती अन् उतरायचं कुठं

विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून येते अन् अमरावती एक्स्प्रेस अमरावतीहून. दोन्ही रात्रीच्या, दोन्ही सकाळी सीएसएमटीला सोडतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (आधी एकशे वीस होते), म्हणून तारीख ठरली की त्याच दिवशी बसा. म्हाताऱ्यांसाठी लोअर बर्थ मागा. अन् हो, ज्येष्ठांची तिकिटातली सवलत रेल्वेनं २०२० च्या मार्चपासून बंद केली ती अजून बंदच आहे, खिडकीवर वाद घालू नका, बाबांनी घातला, मागच्या लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या.

इथे दोन फसगती होतात. तिकिटावर शेवटचं स्टेशन काय लिहिलंय ते नीट वाचा. "मुंबई" म्हणून काढलेली गाडी कधी एलटीटीला म्हणजे कुर्ल्याला संपते, तिथून सामान घेऊन फोर्टात येणं म्हणजे दिवसाची सुरुवातच वनवासानं. दुसरी फसगत दादरची. दादर आलं की अर्धा डबा रिकामा होतो, आपल्यालाही वाटतं की आपणही उतरावं. बसून राहा. गाडी जिथे संपते तिथंच उतरायचं आहे.

३. सोबत काय घ्याल

- सगळ्यांचं आधार कार्ड, मूळ. झेरॉक्स वेगळ्या पिशवीत.
- तिकिटाचा स्क्रीनशॉट, दोन जणांच्या मोबाइलमध्ये. एकाची बॅटरी संपतेच.
- दहा-वीसच्या नोटा, शंभरेक रुपयांची चिल्लर. फोनपे सगळीकडे चालतं पण बसमध्ये कंडक्टर अन् पाणीवाला चिल्लरच मागतो.
- छोटी कुलपं, जेवढ्या बॅगा तेवढी. कशाला ते पुढे सांगतो.
- बीपी-शुगरच्या गोळ्या खांद्याच्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.
- घातलेले, सवयीचे जोडे. नवी चप्पल घेऊन येऊ नका. काकूनं मुंबईसाठी म्हणून नवीन सॅंडल घेतली अन् दुपारी हुतात्मा चौकात बसकण मारली, मंग फूटपाथवरून शंभराची स्लीपर घ्यावी लागली.
- पाण्याची बाटली, टोपी किंवा दुपट्टा.
- पोट्ट्यांच्या खिशात चिठ्ठी, त्यावर दोन मोबाइल नंबर. आमच्या लहान्याला लिहिता येतं तरी टाकली.

४. राहायचं कुठं

फोर्ट अन् सीएसएमटीच्या मागच्या गल्ल्यांमध्ये लॉज आहेत, खोल्या लहान, आपल्या घरच्या न्हाणीएवढ्या म्हटलं तरी चालेल, पण जागा मोक्याची. फोटो पाहून नाही, खोली पाहून पैसे द्या. चौथ्या माळ्यावर आहे अन् लिफ्ट बंद आहे हे आधी कोणी सांगत नाही. स्टेशनबाहेर "रूम पायजे का" म्हणत जे मागं लागतात त्यांच्या मागं जाऊ नका. रिटायरिंग रूम स्टेशनातच मिळते, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आधी बुक करता येते, एक दिवसासाठी ते सगळ्यात बरं.

आपल्याकडचा जुना रस्ता म्हणजे आमदाराचं पत्र अन् आकाशवाणी आमदार निवास. मंत्रालयाजवळच आहे, जागा मिळाली तर या वॉर्डात राहायला त्याच्यासारखं ठिकाण नाही. पण पत्र आहे म्हणजे खोली आहे असं नसतं, अधिवेशन चालू असलं तर जमिनीवर गादी टाकायची तयारी ठेवा. ज्यांची ओळख नाही त्यांनी त्याच्यामागं महिना घालवू नये.

५. स्टेशनवर उतरल्यावर पहिला तास

घाई नाही करायची. वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, आंघोळ करा, शिदोरीतली दशमी अन् ठेचा खा, मग सामान क्लोक रूममध्ये टाका. कुलपाची भानगड इथे येते. बॅगेला कुलूप नसेल तर रेल्वेचा क्लोक रूमवाला घेत नाही. आमच्या काकूजवळ तोंडाला सुतळी बांधलेली कापडी थैली होती, ती घेईना. मंग त्या थैलीतलं सगळं माझ्या बॅगेत कोंबलं, लोणच्याची बरणी हातात राहिली, अन् ती बरणी दोन दिवस मुंबई फिरली. तिकीट अन् आधार दोन्ही दाखवावं लागतं, पावती हरवू नका.

आता बाहेर या, अन् बाहेर आलं की लगेच पुढे पळू नका, मागं वळून स्टेशनकडे पाहा. लोक गाडीतून उतरतात अन् सरळ टॅक्सीकडे धावतात, मुंबईतली सगळ्यात भारी इमारत पाठीमागं राहून जाते. १८७८ ला काम सुरू झालं, १८८८ ला संपलं, फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या इंजिनियरनं बांधलं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. गेटच्या खांबांवर एका बाजूला सिंह अन् दुसऱ्या बाजूला वाघ बसलाय, सिंह इंग्रजांचा अन् वाघ आपला. पोट्ट्यांना ते शोधायला सांगा. भिंतींवर मोर, माकडं, पालीसारखे प्राणी, पानंफुलं, काय काय कोरलंय. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला इथल्याच जवळच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली, चौतीस किलोमीटर. बाबा आमच्या शकुंतलेत बसलेले माणूस, मूर्तिजापूरहून यवतमाळकडे अन् अचलपूरकडे जायची ती लहान गाडी, कापूस वाहायलाच टाकलेली. त्यांनी बराच वेळ वरच्या घुमटाकडे पाहिलं अन् म्हणाले, "शकुंतलेचा कापूस इथंच येत असंन."

समोरच महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. रस्ता ओलांडायला खाली सबवे आहे, दोन्ही बाजूंना दुकानं, अन् बाहेर निघायच्या वाटा इतक्या की माणूस भलतीकडेच वर येतो. बोर्ड पाहत चला, नाहीतर मोबाइल कव्हरवाल्याला विचारा, तो दिवसभर तेच सांगत असतो. हात धरून चला, आम्ही मोठ्या पोट्ट्याला तिथंच पाच मिनिटं हरवलं होतं.

६. चालायचा रस्ता: सीएसएमटी ते हुतात्मा चौक

सीएसएमटीपासून गेटवेपर्यंत सरळ चाललं तर अडीच किलोमीटरच्या आतच आहे. आपल्याकडे वावरात जाऊन येणं याच्यापेक्षा जास्त होतं. टॅक्सीवाला तुम्हाला "बहुत दूर है" म्हणेल, म्हणू द्या.

दादाभाई नौरोजी रोड पकडा, सगळे डी एन रोड म्हणतात. या रस्त्याची मजा अशी की फूटपाथ इमारतींच्या खालून जातो, वर छत, म्हणजे ऊन लागत नाही अन् पाऊसही लागत नाही. त्याच सावलीत घड्याळवाले, जुन्या नाण्यांवाले, बेल्टवाले बसलेले असतात. घासाघीस करा पण घ्यायचं नसेल तर हातात धरू नका.

पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो. कारंजं आहे ते १८६४ चं, फ्लोरा फाउंटन. त्याच्या बाजूला मशाल धरलेला शेतकरी अन् कामगार यांचा पुतळा. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चा आला होता अन् पोलिसांनी गोळ्या घातल्या, पंधरा माणसं गेली. पुढे लढा चालूच राहिला, शंभरावर माणसं गेली तेव्हा १ मे १९६० उजाडला. आमचा मामा पक्का वेगळ्या विदर्भवाला, घरात कोणी महाराष्ट्र दिनाचं नाव काढलं तर वाद घालतो, पण तोही इथे गेला तेव्हा टोपी काढून उभा राहिला होता असं आई सांगते. ट्रॅफिक बेटासारखा चौक आहे, आत जाऊन बसता येतं, पाच मिनिटं बसा.

इथून तीन फाटे फुटतात, ते लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा दिवस याच चौकाभोवती आहे.

डावीकडे गेलात की हॉर्निमन सर्कल नावाची गोल बाग अन् तिच्यासमोर एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल, १८३३ चा. तीस पायऱ्या. सिनेमात हजार वेळा पाहिलेल्या आहेत, गेल्यावर लगेच ओळखू येतात. वर चढून बसा, खाली उतरायची घाई नाही. बाजूच्या रस्त्यावर सेंट थॉमस चर्च आहे १७१८ चं, त्याच्याकडे जायच्या किल्ल्याच्या दरवाज्याला चर्चगेट म्हणायचे, त्यावरून स्टेशनचं नाव पडलं. किल्ला कधीच पाडला, नाव उरलं. फोर्ट हेही नाव तिथूनच.

उजवीकडे गेलात की हायकोर्ट, मुंबई विद्यापीठ अन् ओव्हल मैदान. मी तुम्हाला म्हणेन की या फाट्याला वेळ द्या. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. एका बाजूला काळ्या-पिवळ्या दगडाच्या टोकदार इमारती, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या, बाल्कन्यांच्या, फिकट रंगाच्या आर्ट डेको इमारती, १९३०-४० च्या. दोन्ही मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. म्हणजे एका मैदानात उभं राहून डोकं फिरवलं की दोन जमाने दिसतात, तिकीट शून्य. मैदानात पोट्टे क्रिकेट खेळत असतात. २०२५ ला रणजीच्या सेमीफायनलमध्ये आपल्या विदर्भानं मुंबईला हरवलं होतं, माझ्या मोठ्यानं तिथल्या एका पोराला जाऊन तेवढंच ऐकवलं अन् परत पळत आला.

अन् राजाबाई टॉवर. पंच्याऐंशी मीटर उंच, १८७८ ला पूर्ण झाला. वर जाता येत नाही, खालूनच पाहायचा. हा पैसा कुठून आला ते बाबांना सांगितलं तेव्हा त्यांची मान वरच राहिली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्या देशाचा कापूस घ्यावा लागला, भाव आभाळाला भिडला, अन् मुंबईतले दलाल-व्यापारी रातोरात करोडपती झाले. त्यातला सगळ्यात मोठा प्रेमचंद रायचंद. त्यानं विद्यापीठाच्या लायब्ररीला अन् या मनोऱ्याला पैसे दिले अन् आईचं नाव द्यायला लावलं. युद्ध संपलं तसा भाव कोसळला, १८६५ मध्ये कित्येक जण बुडाले, प्रेमचंदही. वऱ्हाडचा कापूस तेव्हाही मुंबईला येत होता, आधी बैलगाड्यांवर, मग रेल्वेनं. बाबा म्हणाले, "म्हंजे भाव वाढला तं मनोरा त्याईचा, पडला तं फास आपला." मी काय बोलणार. थोडा वेळ आम्ही मैदानाच्या कडेला बसून फल्लीदाणे खाल्ले.

७. सरळ गेलात की काळा घोडा अन् म्युझियम

तिसरा फाटा, महात्मा गांधी रोड. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा होता, १९६५ ला तो इथून हलवला, आता राणीच्या बागेत आहे. नाव मात्र गेलं नाही. मग २०१७ ला नवीन काळा घोडा बसवला, पण त्याच्यावर स्वार नाही. पोट्टे विचारतात राजा कुठे गेला, त्यांना हे सांगता येतं.

जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे, आत जायला लाजू नका. आमच्यासारख्यांना वाटतं आपल्याला कोणी हटकेल, कोणी हटकत नाही. एसी आहे, थंड आहे, चित्रं समजली नाही तरी चालतं. काकू एका चित्रापुढे बराच वेळ उभी होती, गाय होती त्यात, म्हणाली शिंगं चुकली.

बाजूलाच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आधीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९२२ ला लोकांसाठी उघडलं, जॉर्ज विटेट या आर्किटेक्टचं, गेटवेही त्याचाच. सव्वादहाला उघडतं, सहाला बंद. तिकीट आपल्या मानानं महाग वाटेल अन् सहा जणांचं म्हटलं की जास्तच, पण इथे पैसे वाचवू नका, बाकी सगळं फुकटच तर पाहिलं. तीन तास धरा. शस्त्रांचं दालन पोट्ट्यांना, त्यात अकबराचं चिलखत आहे. भुसा भरलेले प्राणी-पक्षी लहान्यांना. लघुचित्रं ज्यांना डोळे आहेत त्यांना. खाली बागेत बाक आहेत, गुडघेवाल्यांना तिथे बसवून बाकीच्यांनी माडी चढावी.

८. गेटवे: सकाळी जा

लोक संध्याकाळी सूर्यास्त पाहायला म्हणून गेटवेवर जातात अन् सूर्य ताज हॉटेलच्या मागं बुडतो. गेटवेचं तोंड पूर्वेला आहे राजेहो. तिथे सकाळ पाहायची. सूर्यास्त मरीन ड्राइव्हवर.

पंचम जॉर्ज राजा १९११ ला आला त्याची आठवण म्हणून हा बांधला, पण पूर्ण झाला १९२४ ला, म्हणजे राजा आला तेव्हा दरवाजा नव्हताच. अन् २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच दरवाज्यातून निघून गेली. समोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, १९६१ चा, त्याच्यापुढे आमच्या पूर्ण कुटुंबाचा फोटो आहे, फ्रेम करून लावलाय, लोणच्याच्या बरणीसकट.

फोटोवाल्यांचं ऐका. ते वाईट नाहीत, पोट भरतात, पण "एक फोटो" म्हणून दहा काढतात अन् दहाचे पैसे मागतात. आधी किती फोटो, एकाचे किती, हातात प्रिंट मिळणार का, हे तीन प्रश्न विचारा. कबुतरांना दाणे टाकू नका, आता दंड होतो. आत शिरताना बॅग तपासतात, खिशात खर्रा असेल तर आधीच फेका, तिथे थुंकलात तर मी तुम्हाला ओळखत नाही.

९. घारापुरी, वेगळा दिवस ठेवून

जिल्हा रायगड, पण बोट गेटवेवरूनच, म्हणून यातच धरा. सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुरू होतात, पहिल्या-दुसऱ्या बोटीत बसा. एक तास लागतो. तिकीट खिडकीवरूनच घ्या, मधल्या माणसाकडून नाही, अन् ते जाण्यायेण्याचं असतं, परतीचा तुकडा फेकू नका. लाइफ जॅकेट देतात ते घालून ठेवा, घाम येतो म्हणून काढू नका. मळमळणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर मधोमध बसावं, आधी पोटभर खाऊ नये.

उतरल्यावर धक्का लांब आहे, लहान गाडी चालते, म्हाताऱ्यांना तीत बसवा. मग ग्रामपंचायतीचा थोडासा कर द्यावा लागतो. बाबा स्वतः माजी ग्रामपंचायत सदस्य, त्यांना हे इतकं आवडलं की पावती जपून ठेवली, म्हणाले आपण देवीच्या यात्रेला लावायला पाहिजे होता. मग शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं. डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं, म्हणजे बोट, कर, लेणी असे तीन वेळा पैसे निघतात, आधीच माहीत असलं की चिडचिड होत नाही. माकडं फार आहेत, हातातली पिशवी ओढतात.

मुख्य लेणीत शिरल्यावर डोळ्यांना थोडा वेळ काहीच दिसत नाही, अंधार सरावला की समोर तीन मुखांचा शिव उभा राहतो, वीस फुटांच्या आसपास उंच. आई माळकरी, तिनं हातच जोडले. पोर्तुगीज आले तेव्हा बेटावर दगडी हत्ती होता म्हणून त्यांनी एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. अन् एक, या बेटावर पूर्ण वेळ वीज २०१८ ला पोचली, समुद्राखालून केबल टाकून. मुंबईचे दिवे समोर दिसतात अन् घरात कंदील, असं वर्षानुवर्षं होतं. लोडशेडिंगवाल्यांना हे लगेच समजतं.

१०. पाय थकले तर

रिक्षा शोधू नका, इथे रिक्षा येतच नाहीत, बांद्रा अन् सायनच्या अलीकडे त्यांना बंदी. आमचे शेजारी अर्धा तास रिक्षाची वाट पाहत उभे होते.

काळीपिवळी टॅक्सी मीटरवर चालते, "मीटर से चलोगे" विचारून बसा, नाही म्हणाला तर पुढची. स्टेशनबाहेर शेअर टॅक्सीची रांग असते, नरिमन पॉइंट-मंत्रालयाकडे जाणाऱ्यांची, ती स्वस्त.

बेस्टची बस मस्त. सीएसएमटीहून ११५ नंबरची डबल डेकर मिळाली तर वर पुढच्या सीटवर बसा, तेच मुंबई दर्शन. पण बायकांनो, एसटीतलं अर्धं तिकीट बेस्टमध्ये नाही. काकूनं आधार कार्ड पुढे केलं, कंडक्टर हसला, म्हणाला मावशी ती लालपरी. पंच्याहत्तरीवाल्यांचा फुकट प्रवासही एसटीपुरताच.

भुयारी मेट्रो आता कफ परेडपर्यंत झालीय, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशी स्टेशनं आहेत, सरकते जिने अन् लिफ्ट आहे. जमिनीखालून जाते म्हणून दिसत काहीच नाही, पण दुपारी दोन वाजता गुडघ्यांना तेच पाहिजे असतं.

लोकलची या वॉर्डात गरजच पडत नाही. बसायचंच असेल तर गर्दीची वेळ सोडून दुपारी बसा, तिकीट काढा, अन् डबा रिकामा दिसला म्हणून शिरू नका, तो फर्स्ट क्लासचा असतो किंवा अपंगांचा, टीसी बरोबर तिथंच येतो.

११. खाणं

वडापाव, भुर्जी-पाव, उसळ-पाव, जे दिसेल ते, फक्त जिथे गर्दी आहे तिथं खा. आपला आलूबोंडा तिथे बटाटावडा आहे. तिखटाच्या नावानं बोंब आहे, ठेचा सोबत ठेवा. काकूनं भाजीवर "सांबार टाका थोडा" म्हटलं तर पोरानं वाटीभर इडलीचं सांबार आणून दिलं, कोथिंबीर म्हणावं लागतं. इराणी हॉटेलात एकदा बनमस्का-चहा घ्या, बाबांनी तो चहात बुडवून खाल्ला अन् दुसरा मागितला.

१२. मरीन ड्राइव्ह अन् परतीची गाडी

चर्चगेटहून सरळ पश्चिमेला चाललात की दहा मिनिटांत समुद्र. साडेतीन किलोमीटरहून जास्त लांब कठडा आहे, जिथे जागा दिसेल तिथे बसा, पैसे कोणी मागत नाही. खालच्या तिकोनी दगडांवर उतरू नका, शेवाळ असतं अन् भरतीची लाट येते तेव्हा सांगून येत नाही. आई त्या कठड्यावर दोन तास बसली होती, पाय खाली सोडून. या वेळी डुलकी लागली नाही.

गाडी त्याच दिवशीची असेल तर सूर्यास्त पाहायचा मोह सोडा. विदर्भ अन् अमरावती दोन्ही संध्याकाळीच सुटतात. दीड तास आधी क्लोक रूमपाशी या, तिथे संध्याकाळी आपल्यासारख्यांचीच रांग असते. सीएसएमटीला १ ते ७ हे लोकलचे प्लॅटफॉर्म, लांबच्या गाड्या ८ ते १८ वरून सुटतात, अन् त्या टोकाला जायला बरंच चालावं लागतं. आम्ही तिथंही बाबांना पुढे धाडलं, सामान घेऊन मागून पळालो, बाबा डब्याच्या दारात उभे राहून पोट्ट्यांना वाघ अन् सिंह विचारत होते, बरणी त्यांच्या हातात.